मखमल कापायची की शिंग ठेवायचं

नोव्हेंबरात हरणाच्या नराचं वाढतं शिंग हातात धरलं तर ते गरम लागतं, ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखं. टोकं गोल, बोथट. वर मऊ, करडी लव, म्हणून या वाढत्या शिंगाला मखमल म्हणतात. अंगठा टेकवला की लवेखाली नाडी उडताना कळते. आपल्याकडे गाईबैलांचं शिंग म्हणजे बाहेरून टणक कवच, आयुष्यभर एकच. हरणाचं तसं नाही. ते दरवर्षी गळतं, दरवर्षी नव्यानं उगवतं आणि वाढत असतं तेव्हा ती जिवंत, रक्ताची वस्तू असते.

२०१९ च्या नोव्हेंबरात मी असाच एका नराच्या शिंगावर हात ठेवून उभा होतो. जागा न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडची, साउथलँडमधलं मॉसबर्न. या एवढ्याशा गावाच्या वेशीवर हरणाचा पुतळा आहे आणि गाव स्वतःला देशाची हरीण-राजधानी म्हणवतं. नर क्रशमध्ये होता, म्हणजे दोन्ही बाजूंनी गादी लावलेल्या फळ्यांच्या शिकंज्यात. पलीकडे डॉक्टर सुई भरून उभे होते. मालक माझ्याकडे बघून म्हणाला, "जनावर तुझं आहे. कापायचं की ठेवायचं?"

मी म्हणालो, "ठेवायचं."

या एका शब्दाचा हिशोब पुरा व्हायला तीन वर्षं आणि वर काही महिने लागले. तो इथे मांडतोय, कारण हरणाच्या शेतीत सगळा पैसा याच प्रश्नाभोवती फिरतो.

मी मूळचा फलटण तालुक्यातला. घरी शेळ्या. कृषी पदविका झाल्यावर न्यूझीलंडला शिकायला आलो, मग दोन वर्षं दुभत्या गाईंच्या फार्मवर पहाटे चारला उठून धारा काढल्या. २०१६ मध्ये या हरणांच्या फार्मवर लागलो. पहिल्या आठवड्यात फोनवर आबांना सांगितलं तर त्यांना वाटलं, मी प्राणिसंग्रहालयात लागलो.

"हरणं? पाळत्यात?"

"हो आबा. मेंढरांसारखी. हजारानं."

"आन करत्यात काय त्येंचं?"

त्या दिवशी मी फक्त मांसाचं सांगितलं. बाकीचं सांगायला धीर झाला नाही.

इथली हरणं मूळची इथली नव्हेतच. इंग्रजांनी १८५१ पासून शिकारीच्या हौसेपायी बोटीतून लाल हरणं आणून डोंगरात सोडली. त्यांना खाणारा वाघ-लांडगा या देशात नाही, त्यामुळे ती इतकी माजली की डोंगर उघडे पडायला लागले. १९३० च्या दशकात सरकारनं पगारी शिकारी लावून ती मारायला सुरुवात केली. साठच्या दशकात हेलिकॉप्टर आलं आणि मारलेल्या हरणांचं मांस युरोपात जायला लागलं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की मारण्यापेक्षा जिवंत धरून पाळली तर? १९६९ मध्ये कायद्यानं परवानगी मिळाली, १९७० मध्ये पहिला परवाना निघाला. आमच्या मालकाचे वडील त्या काळात हेलिकॉप्टरच्या दांडीवर उभे राहून जाळी फेकायचे आणि वेळ आली तर वरून थेट हरणाच्या पाठीवर उडी टाकायचे. त्यांचा डावा खांदा अजून वर उचलत नाही. आज फार्मवर जी हरणं गवत खातात त्यांच्या पणज्या अशा आभाळातून धरून आणलेल्या आहेत. म्हणून कुंपण दोन मीटर उंच लागतं आणि म्हणूनच माणूस अचानक वळला तर सगळा कळप भिंतीवर जाऊन आदळतो. गाईसारखं हाकलून हरीण शेडमध्ये येत नाही. हळू चालायचं, हात खाली ठेवायचे, त्यांना वाटू द्यायचं की तीच वाट काढतायत. हे शिकायला मला सहा महिने लागले.

धंद्याच्या तीन थैल्या आहेत. पहिली मांसाची. मादीला वर्षाला एकच पाडस. साधारण २३३ दिवसांचा गाभ, आणि पाडसं पडतात नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर. मार्चच्या आसपास पाडसं आईपासून तोडायची, थंडीत मुरघास आणि बीट घालून जगवायची, आणि पुढच्या वसंतात ५५ किलोंच्या आसपास मांस पडेल एवढी झाली की कारखान्यात पाठवायची. ऑगस्ट ते ऑक्टोबरात दर चढतो, कारण तेव्हा जर्मनीत शिकारीच्या मांसाचा हंगाम सुरू व्हायचा असतो. हे बिनभानगडीचं काम आहे. पैसा बेताचा, पण दरवर्षी येणारा.

दुसरी थैली मखमलीची. वाढतं, लवेचं शिंग कापून गोठवायचं. ते कोरिया आणि चीनमध्ये औषधाला जातं. कोरियात त्याला नोक्योंग म्हणतात. जुनं शिंग गळून पडल्यावर दोन महिन्यांच्या आत-बाहेर कापावं लागतं. चार दिवस लवकर कापलं तर वजन जातं, आठ दिवस उशीर झाला तर आत हाड धरायला लागतं आणि प्रत पडते. कायद्यानं हे काम जनावरांच्या डॉक्टरनं किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली प्रमाणपत्र मिळवलेल्या शेतकऱ्यानंच करायचं. शिंगाच्या बुडाभोवती गोल सुया देऊन जागा बधिर करतात, काही मिनिटं थांबतात, टोचून खात्री करतात, रबरी पट्टा आवळतात आणि मग बारीक दातांची करवत. मिनिटभराच्या आत शिंग हातात येतं. कापलेली बाजू वर करून उलटं धरायचं, म्हणजे रक्त आतच राहतं. मग त्याला बिल्ला लावायचा आणि फ्रीझरमध्ये. पहिल्यांदा मी ते शिंग हातात घेतलं तेव्हा त्यातून वाफ निघत होती. दक्षिणेचा वारा गार होता आणि हातात ते गरम. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पुढे कळत गेलं की नर सुटल्यावर दहा मिनिटांत गवताला तोंड लावतो. शिंगं ठेवली तर तेच नर मार्चमध्ये एकमेकांच्या बरगड्या फोडतात, कधी माणसाच्याही. कापणं हे फार्मवर पैशाइतकंच जिवाच्या सुरक्षेसाठीही असतं. तरीही बधिर करण्याच्या बाबतीत घाई करणाऱ्या माणसाबरोबर मी काम करणार नाही. हे मी मालकाला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि त्याला ते आवडलं होतं.

तिसरी थैली शिकारीची. डोंगराळ भागात शेकडो-हजारो एकर कुंपणात घेतलेल्या खासगी शिकार-इस्टेटी आहेत. तिथे मुख्यतः अमेरिकेतून गिऱ्हाईक येतं. तीन-चार दिवस राहतं, वाटाड्या घेऊन चढतं आणि मोठ्या शिंगांचा एक नर मारून त्याचं डोकं भिंतीसाठी घेऊन जातं. हे नर इस्टेटी आमच्यासारख्या फार्मवरून घेतात. भाव वजनावर नाही, इंचावर. सफारी क्लब इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेची मोजायची पद्धत आहे. शिंगाच्या दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, ठिकठिकाणचा घेर, सगळं फितीनं मोजून इंचांची बेरीज. तीनशे इंचांचा नर आणि चारशे इंचांचा नर गवत सारखंच खातात, पण दरात दुपटीहून जास्त फरक पडतो.

या तिन्ही थैल्या एका जनावरात एकाच वेळी भरत नाहीत. मखमल कापली की त्या वर्षी शिकारीचं शिंग नाही. शिंग ठेवलं की मखमलीचे पैसे नाहीत. आणि मोठ्या, म्हाताऱ्या नराच्या मांसाला भावच नाही.

आमच्याकडे शेळी अर्धलीनं देतात, म्हणजे शेळी एकाची, राखणार दुसरा, करडं निम्मीनिम्मी. मालकाला मी हे समजावून सांगितलं आणि तो म्हणाला, आपणही तसंच करू. जानेवारी २०१७ मध्ये एका विक्रीत मी साठवलेल्या पैशातून दोन-दोन वर्षांचे चार नर घेतले, चौघांचे मिळून ६,००० डॉलर. (सगळे आकडे न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये.) जागा, चारा, औषध मालकाचं. मखमलीचे पैसे निम्मे-निम्मे. शिकारीला विकला तर दोन हिस्से माझे, एक त्याचा.

घेताना मी अंगापेक्षा बापाकडे पाहिलं. इथे शिंगांसाठीची वंशावळ आपल्याकडच्या खिलारच्या दावणीसारखी तोंडपाठ असते. इंग्लंडच्या वॉर्नहॅम आणि वोबर्नच्या उद्यानांतली रक्तं, पूर्व युरोपातली रक्तं, कुठे वापिटीचं मिश्रण. वापिटी म्हणजे अमेरिकेतलं थोराड हरीण. ते १९०५ मध्ये इथल्याच फियोर्डलँडच्या किनाऱ्यावर सोडलं गेलं आणि ती भेट अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची होती. माझ्या चौघांपैकी एकाच्या शिंगाचा बुडखा दोन वर्षांचा असतानाच माझ्या मनगटाएवढा होता. त्याच्या कानातला बिल्ला निळा, शेवटचे आकडे ४७. पुढे आम्ही त्याला सत्तेचाळीसच म्हणायचो.

वही अजून माझ्याकडे आहे. २०१७ च्या हंगामात चौघांची मिळून १४ किलो मखमल, किलोला ९५ डॉलर, माझ्या वाट्याला ६६५. २०१८ मध्ये १९ किलो, दर ११०, वाट्याला १,०४५. नर पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत शिंग दरवर्षी भरतच जातं, म्हणून ही वाढ. पण या गतीनं मुद्दल फिटायला आणखी तीन-चार वर्षं लागणार होती. सत्तेचाळीसची शिंगं मात्र दरवर्षी वेगळीच दिसत होती. कपाळावरचे फाटे जाड, वरचा मुकुट ओंजळीसारखा उघडत जाणारा. मालक म्हणायचा, "याला एक वर्ष वाढू दे, मग बघ."

म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात मी दोघांची कापली आणि दोघांची ठेवली. कापलेल्या दोघांचे माझ्या वाट्याचे साधारण ६६० डॉलर आले. ठेवलेल्या दोघांची मखमल अंदाजे तेवढ्याच पैशाची होती, तिच्यावर मी पाणी सोडलं. हे गणित कागदावर सोपं दिसतं. एका नरामागे एका बाजूला माझ्या वाट्याचे सव्वातीनशेच्या आसपास, दुसऱ्या बाजूला काही हजार. मग सगळेच का ठेवत नाहीत? कारण शंभर नरांमध्ये इस्टेटवाल्याच्या नजरेत भरतील असे दहा-बारा निघतात. बाकीच्यांची शिंगं ठेवली तर मखमलही गेली आणि गिऱ्हाईकही नाही. आणि ठरवायला वेळ फक्त काही दिवसांचा. तेवढ्यात शिंग अजून अर्धंच वाढलेलं असतं, पुढे मुकुट कसा उघडेल ते फक्त मागच्या वर्षीवरून ताडायचं.

डिसेंबरात शिंगं वाढत राहिली. चांगल्या दिवसांत दीड-दोन सेंटिमीटर रोज. मी रोज सकाळी कुंपणापलीकडे उभा राहून बघायचो. या काळात खाणं कमी पडलं तर टोकं बारीक राहतात आणि ते नंतर भरून येत नाही. ठेवलेल्या नरांना मोठ्या, मोकळ्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणात ठेवायचं, तारेत शिंग अडकेल अशी एकही सैल जागा ठेवायची नाही. एक फाटा तुटला तर आठ-दहा इंच गेले, म्हणजे हजार डॉलर गेले. जानेवारीच्या शेवटी मखमल फाटायला लागते. नर झाडाच्या खोडावर शिंगं घासतो, लवेची लक्तरं रक्ताळून लोंबतात आणि खाली पांढरं हाड दिसतं. तीन-चार दिवसांत झाडांच्या सालीनं ते तपकिरी होतं, टोकं तेवढी हस्तिदंतासारखी राहतात. तेव्हा त्याच्याकडे बघावं. सकाळच्या उन्हात सत्तेचाळीस मान वर करून उभा राहिला की त्याच्या शिंगांची सावली गवतावर बाभळीच्या सावलीसारखी पसरायची.

इस्टेटचा माणूस जानेवारीअखेर आला. दोन तास कुंपणाबाहेर गवतात बसून दुर्बिणीतून बघत होता, वहीत रेघा मारत होता. फीत लावलीच नाही. एका नराचे त्यानं ५,५०० सांगितले. सत्तेचाळीसचे ७,०००. पण त्या वेळी त्यांच्याकडे जागा एकाचीच होती. एप्रिलच्या मध्यावर येणारी एक पार्टी होती, तिच्यासाठी सत्तेचाळीसला मार्चच्या मध्यावर नेतो म्हणाला. हात मिळवला. कागद केला नाही. मालक लिहून घे म्हणत होता. मलाच वाटलं, इतक्या वर्षांचा व्यवहार असलेला माणूस, कशाला.

पहिल्याची पाठवणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली. हत्यारासारखी शिंगं असलेला नर साध्या ट्रकमध्ये इतरांबरोबर घालता येत नाही. त्याला स्वतंत्र खण लागतो, आतून गुळगुळीत, वरून झाकलेला. डॉक्टरनी दुरून सुईबाणानं गुंगी दिली. सहा माणसांनी उचलून खणात ठेवला, डोळ्यांवर कापड आणि लगेच गुंगी उतरवायची दुसरी सुई. गुंगीच्या औषधानंतर ठरावीक दिवस त्या जनावराचं मांस खायला चालत नाही, त्यामुळे तारीख, औषध, बिल्ल्याचा नंबर सगळं कागदावर जातं. मी एक अट घातली होती आणि पुढेही घालत आलो. जनावर किमान काही आठवडे त्या डोंगरात मोकळं राहिलं पाहिजे, आदल्या दिवशी सोडून दुसऱ्या दिवशी बंदूक नको. काही ठिकाणी ही अट ऐकून हसतात. तशा ठिकाणी मी विकत नाही. ट्रकचा दरवाजा उघडला तेव्हा तो नर क्षणभर उभा राहिला, नाक वर करून वारा घेतला आणि मग चढणीला लागला तो एकदाही मागे न बघता.

त्या रात्री आबांना सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"म्हंजी पाळायचं, वाढवायचं, आन मारायला इकायचं. आपल्याकडं हरणाला हात लावला तर जेल हाय."

"तिथं ती जंगलची आहेत आबा, आणि थोडी उरलीत. इथं ती उपरी आहेत."

पुन्हा शांतता. मग म्हणाले, "ईदचा बोकडबी तसाच असतोय म्हणा. किलोवर न्हाय जात. रूप बघत्यात, दात बघत्यात, कान बघत्यात. दोन वर्सं पोरासारखा पाळायचा. पर ईद चुकली की त्यो बोकड खाटकाच्या भावात जातोय. ध्यानात ठेव."

लोणंदच्या बाजारात मी लहानपणी आबांबरोबर असे बोकड घेऊन उभा राहिलेलो आहे. ईदच्या आदल्या दिवशी भाव कसा चढतो आणि दुसऱ्या दिवशी तोच बोकड कसा कोणी विचारत नाही, हे मी बघितलंय. तरी फोन ठेवताना मला ते बोलणं लागू वाटलं नाही. सहाच आठवड्यांत वाटलं.

कोरोनामुळे १९ मार्च २०२० ला न्यूझीलंडनं परदेशी माणसांसाठी सीमा बंद केली. २५ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशच घरात बसला. इस्टेटच्या माणसाचा फोन आला, आवाज खचलेला. त्याच्या एप्रिल-मेच्या सगळ्या पार्ट्या रद्द, आगाऊ रकमा परत मागितल्या जातायत, डोंगरात आधीच घेतलेले नर उभे आहेत. सत्तेचाळीसला नेणं शक्य नव्हतं. मी त्याच्यावर रागावलो नाही. पण कागद केला असता तर निदान थोडी रक्कम माझ्याकडे विसार म्हणून असती. ही चूक माझीच आणि ती मला महागात पडली.

आणि मग माजाचा महिना आला. त्याला इथे रोअर म्हणतात, कारण नर खरोखरच डरकाळ्या फोडतो. हरणाच्या गळ्यातून एवढा खोल आवाज निघत असेल हे ऐकल्याशिवाय पटत नाही. शेती अत्यावश्यक असल्यामुळे आमचं काम चालूच होतं. रस्त्यावर गाडी नाही, आभाळात विमान नाही, आणि रात्रभर सत्तेचाळीसची डरकाळी. तो खायचं सोडून देतो, चिखलात लोळतो, मान फुगते, डोळे बदलतात. माजात नराचं पाव हिस्सा वजन सहज उतरतं. मी त्याच्या पॅडॉकमध्ये पाय ठेवत नव्हतो, मुरघास ट्रॅक्टरवरून टाकायचो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं कुंपणाच्या लाकडी खांबाशी झुंज घेतली आणि उजव्या मुकुटाचा एक फाटा मोडला. मला तो दुपारी गवतात सापडला, वीतभर लांब. खिशात घालून घरी आणला.

मे महिन्यात मी बसून गणित मांडलं. सात हजारांचं जनावर. कारखान्यानं विचारल्यावर मांसाचा भाव सांगितला त्यात त्याचे जेमतेम सहाशे सुटत होते, कारण युरोप-अमेरिकेतली हॉटेलं बंद पडल्यानं मांसाचाही बाजार बसला होता. मालकानं विचारलं, पाठवायचा का? थंडीत त्याला पोसायचा खर्च त्याचा होता, त्यामुळे विचारणं रास्त होतं. मी म्हणालो, पोसायचा खर्च माझ्या खात्यात मांडा, पण ठेवू या. त्यानं खर्च मांडला नाही. हे त्याचे उपकार आहेत.

सप्टेंबरात बर्फाचा शेवटचा झपाटा येऊन गेला आणि एका सकाळी सत्तेचाळीसच्या डोक्यावर एकच शिंग होतं. दुसरं दोन दिवसांनी गळलं. मुळाशी लाल, ओला खुंट, त्यावर लगेच खपली धरते आणि खपलीखालून नवं वर यायला लागतं. गळलेली दोन्ही शिंगं मी उचलून आणली आणि फीत लावली, मोडलेला फाटा जागेवर धरून. इस्टेटवाल्याच्या डोळ्यांनी केलेला अंदाज चार इंचांनी चुकला होता, माझ्या बाजूनं.

त्या नोव्हेंबरात मी विचार न करता कापलं. सात किलो. दर पडलेला, ८५. पुढच्या वर्षी साडेसात किलो, दर ११०. दोन्ही वर्षं मिळून माझ्या वाट्याला ७१०. सीमा बंदच होत्या. आजूबाजूच्या ज्या फार्मांनी सगळा डाव शिकारीवर लावला होता त्यांची हालत मी डोळ्यांनी पाहिली. लागोपाठ तीन रोअर गिऱ्हाईकाविना गेले. साठ-सत्तर मोठे नर, खाणं चालू, उत्पन्न शून्य. एका शेजाऱ्यानं आयुष्यभर निवडून जमवलेला कळप मोडला, माद्यांसकट. ट्रक भरताना तो माणूस शेडच्या मागे जाऊन उभा राहिला होता. या देशात २००० च्या दशकाच्या मध्यावर १७ लाखांच्या आसपास पाळीव हरणं होती, आज त्याच्या निम्म्याहूनही कमी उरली आहेत. बरेच जण दुधाकडे गेले, कारण दुधाचा टँकर रोज येतो.

आमचा फार्म टिकला तो मालकाच्या एका जुन्या नियमामुळे. शिकारीच्या नरांचा खर्च मखमलीतून निघाला पाहिजे आणि फार्मचा खर्च मांसातून. शिकारीचा पैसा कधीच हप्त्याला लावायचा नाही. कोणी हरणांच्या धंद्याबद्दल विचारलं तर मी आधी हेच सांगतो. शिंगाचे सात हजार बघून कर्ज काढू नका. गिऱ्हाईक लांबचं, माल नाशवंत, मुदत सहा आठवड्यांची. मार्च-एप्रिल चुकला की ते शिंग सप्टेंबरात आपोआप गवतात पडतं.

सीमा २०२२ मध्ये टप्प्याटप्प्यानं उघडल्या. त्या नोव्हेंबरात सत्तेचाळीस आठ वर्षांचा झाला. या वयाच्या पुढे शिंग उतरतीला लागायची भीती असते. मी दोन दिवस विचार केला आणि ठेवलं. या वेळी विसार घेतला, तारीख लिहून घेतली. जानेवारी २०२३ मध्ये तोच माणूस आला, तशीच दुर्बीण, तसाच गवतात बसला. म्हणाला, २०२० पेक्षा मोठा आहे. आणि भाव सांगितला ५,०००. कारण तीन वर्षं न मारलेले नर सगळ्यांकडे साचले होते. मी फार ताणलं नाही.

पाठवणीच्या दिवशी मी स्वतः ट्रकबरोबर गेलो. दीड तास रस्ता. उतरताना त्याच्या नाकाची वाफ खणाच्या फटीतून दिसत होती. गुंगी पूर्ण उतरली होती. तो खाली आला, दहा पावलं गेला आणि थांबला. पहिल्या नरासारखा सरळ वर गेला नाही. गवत हुंगलं, मान हलवली, मग उतारावरच्या मानुका नावाच्या इथल्या झाडांच्या राईत शिरला. वर शिंगांची टोकं काही वेळ दिसत राहिली.

शिकारीच्या वेळी हजर राहायचं आमंत्रण होतं. मी गेलो नाही. कारखान्याच्या रांगेत जाणाऱ्या वर्षाच्या पाडसापेक्षा त्याचं जगणं मोठं आणि मोकळं झालं, हे मला मनापासून वाटतं. पण मी आठ नोव्हेंबर-डिसेंबरांतले सहा त्याच्या डोक्याशी काढले होते, शेवट बघायची मला गरज नव्हती. मे महिन्यात इस्टेटवाल्यानं फक्त आकडा कळवला: ४११ इंच.

त्याचं खातं असं निघालं. विकत घेतला १,५०० ला. विकून माझे दोन हिस्से ३,३३३. चार कापण्यांतला माझा वाटा, पहिल्या दोन वर्षांचा चौथा भाग धरून, ११३७. डॉक्टर आणि ट्रकचे माझ्याकडून ४००. सहा वर्षांत हातात उरले अडीच हजारांच्या थोडं वर. म्हणजे वर्षाला चारशेच्या आसपास, एका जनावरामागे. सात हजारांच्या स्वप्नासमोर हा आकडा लहान आहे. आबांना सांगितला तेव्हा त्यांनी मनात रुपये केले आणि म्हणाले, "सा वर्सात? मग बोकड बरा."

त्याची २०२० ची शिंगं घरी भिंतीला टेकवून ठेवली आहेत, मोडका फाटा शेजारी. आबांना बघायची फार इच्छा होती. पण आपल्याकडे कायद्यापुढे हरणाचं शिंग, आपोआप गळलेलं असलं तरी, शिंगच, ते पाठवायचा प्रश्नच नव्हता. व्हिडिओवर दाखवली. त्यांनी मला ती आडवी धरायला लावली, उभी धरायला लावली, मग हाताशेजारी धरायला लावली, म्हणजे माप कळावं. बराच वेळ बघून विचारलं, "आन ह्ये दर वर्साला नवं येतंय?"

"दरवर्षी, आबा."

आता त्याच्या दोन पोरांवर माझा बिल्ला आहे. थोरला या नोव्हेंबरात पाच वर्षांचा होईल.